आरशात दिसलेला वीस: बडोद्याच्या एका टेबलावरचं प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या माडीवर सहा जणांचा गट दर शनिवारी रात्री नऊ ते साडेबारा डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे पात्रं घेऊन फाशांच्या आधारे गोष्ट रंगवण्याचा खेळ. पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. टेबलावरची भाषा मराठी, मधूनमधून गुजराती. एक डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि शत्रूंचे फासे टाकणारा) आणि पाच खेळाडू. ओळख पटू नये म्हणून खेळाडूंना इथे त्यांच्या पात्राच्या वर्गानेच ओळखू या: फायटर (लढवय्या), रोग (चोर), विझार्ड (जादूगार), रेंजर (रानातला तिरंदाज) आणि क्लेरिक (जखमा भरणारी पुरोहित). डीएम सगळ्यांत मोठा, नोकरी करणारा. बाकीचे कॉलेजात आहेत किंवा नुकतेच कामाला लागलेत, आणि त्याला 'दादा' म्हणतात. विझार्ड खेळणारी त्याची मामेबहीण आहे, आणि या प्रकरणात ते नातं आड आलं.

मोहिमेचं जग डीएमने चांपानेर-पावागडच्या परिसरावरून बेतलं होतं: डोंगरावरचा पडका किल्ला, पायथ्याशी ओस पडलेलं शहर, मधे वाव (पायऱ्यांची विहीर) आणि तळी. हे त्याने मनापासून केलं होतं. नकाशे हाताने काढलेले, प्रत्येक गावाला नाव, प्रत्येक नाक्यावर कोणी ना कोणी माणूस. खेळाडू तिसऱ्या लेव्हलला पोहोचले होते.

डीएम आपले फासे पडद्याआड टाकायचा. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे तीन तुकडे चिकटपट्टीने जोडून तो पडदा केला होता. डीएमच्या पाठीमागे लोखंडी कपाट होतं आणि कपाटाच्या दाराला उभा आरसा. दहा सेशन त्या आरशाकडे कुणाचंही लक्ष गेलं नव्हतं.

अकरावं सेशन

उत्तरायण दोन दिवसांवर आलेलं. क्लेरिक खेळणारी बाहेरगावी गेली होती, म्हणून चारच खेळाडू होते. लढाई ठरलेली होती ती वावेच्या तळाशी, कुंडाच्या काठावर: दोन ओगर (धिप्पाड राक्षस) आणि दोन गॉब्लिन (बुटके, दुष्ट जीव).

तिसऱ्या फेरीत स्थिती अशी. विझार्डचे कमाल हिट पॉइंट (जीव किती उरला ते सांगणारे गुण) २०, त्यातले उरलेले ६. चिलखत वर्ग, म्हणजे तिला लागण्यासाठी हल्ल्याच्या फाशाने बोनससकट गाठायचा आकडा, १२. एक ओगर तिच्यासमोर आणि पलीकडे हातभर अंतरावर फायटर. डीएमने ओगरचा हल्ला विझार्डवर जाहीर केला आणि पडद्यामागे डी२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा, टाकला. वीस. वीस म्हणजे क्रिटिकल, सर्वांत जोरदार फटका, म्हणून नुकसानीचे फासे दुप्पट: दोनाऐवजी चार डी८, अधिक ४. सात, सहा, आठ, पाच. एकूण ३०.

सहा हिट पॉइंट संपून वर २४ उरतात. पाचव्या आवृत्तीत शून्यावर आल्यानंतर उरलेलं नुकसान कमाल हिट पॉइंटइतकं किंवा त्याहून जास्त असेल, तर पात्र तिथेच मरतं. मृत्यूचे फासे टाकायची संधीही मिळत नाही. विझार्ड मेली होती.

डीएम म्हणाला, "चुकला. गदा पायरीवर आदळली."

तेवढ्यात रोग पाण्याची बाटली घ्यायला वाकला होता. आरशात त्याला पडद्यामागचा फासा स्वच्छ दिसला. तो गप्प राहिला.

विझार्डने तिच्या पाळीत उरलेला शेवटचा मंत्र वापरला, थंडरवेव्ह. ओगरचा बचावाचा फासा फसला आणि तो दहा फूट मागे ढकलला जाऊन कुंडात कोसळला. टेबलावर एकच आरडाओरडा झाला. त्या क्षणाने लढाई फिरली.

बारावं सेशन आणि स्फोट

पुढच्या शनिवारी हॉबगॉब्लिनच्या दबा धरून केलेल्या हल्ल्यात फायटर शून्यावर आला. क्लेरिक परत आली होती, पण तिचे मंत्र संपले होते आणि ती दोरीच्या पुलापलीकडे अडकली होती. मृत्यूचे फासे खेळाडू स्वतः टाकतो, सगळ्यांसमोर. दहा किंवा वर पडला तर यश. आठ, चार, नऊ. तीन अपयशं, म्हणजे मृत्यू. लागोपाठ तीनदा दहाच्या खाली पडण्याची शक्यता सुमारे ९ टक्के असते. ती नऊ टक्क्यांतली रात्र होती.

फायटरने फासे पिशवीत भरले. तेव्हा रोग बोलला: "दादा, मागच्या शनिवारी वीस पडला होता. मी आरशात पाहिला."

डीएमने नाकारलं नाही.

"म्हणजे माझा गेला तो खराच गेला," फायटर म्हणाला. "आणि बहिणीची वाचली."

विझार्डला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचा पहिला प्रश्न फायटरबद्दल नव्हता. "दादा, तो ओगर कुंडात पडला, ते तरी खरं होतं का?"

ते खरंच होतं. ओगरचा बचावाचा फासा सहा पडला होता, अधिक तीन म्हणजे नऊ, तिच्या मंत्रापासून वाचायला तेरा लागत होते. पण तो फासाही पडद्यामागेच पडला होता, आणि आता ते दाखवायला डीएमकडे काहीच नव्हतं. या प्रकरणातलं सर्वांत मोठं नुकसान हेच, असं आमचं मत आहे. एक आकडा फिरवला की त्याच्या आजूबाजूचे सगळे खरे आकडेही संशयात येतात. मुलीच्या हातून मोहिमेतला सर्वांत चांगला डाव झाला होता, आणि तो तिच्या हातचा राहिला नाही.

मूळ चूक कुठे झाली

फासा फिरवणं ही त्या साखळीतली शेवटची कडी. आधीच्या तीन कड्या पाहिल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही.

पहिली कडी तयारीची. ओगरचे ४५० अनुभव गुण (शत्रू किती भारी ते मोजायचे गुण), गॉब्लिनचे ५०. दोन-दोन मिळून १०००. शत्रू तीन ते सहा असले की दुप्पट धरायचे, म्हणजे २०००. तिसऱ्या लेव्हलच्या एका पात्रामागे 'प्राणघातक' लढाईची सीमा ४०० आहे. पाच खेळाडूंना २०००: लढाई नेमकी सीमेवर. चार खेळाडूंना १६००: लढाई सीमेच्या बरीच वर, आणि गैरहजर नेमकी क्लेरिक. डीएमने लढाई पाच जणांसाठी आखली आणि चौघांवर तशीच सोडली. एक ओगर कमी केला असता तर ५५० चे दुप्पट ११०० झाले असते. चौघांसाठी 'अवघड' लढाई ९०० पासून सुरू होते, म्हणजे कस लागला असता आणि आवाक्यातही राहिली असती. हे गणित दोन मिनिटांचं आहे आणि ते साडेआठ वाजता करायचं असतं.

दुसरी कडी निशाण्याची. ओगरला हल्ल्यावर अधिक ६ मिळतात. चिलखत १२ म्हणजे सहा किंवा वर पडला की लागला: ७५ टक्के. कमीत कमी नुकसानही २ अधिक ४, म्हणजे ६. विझार्डकडे सहाच होते. म्हणजे लागला की ती आडवी होणार, हे फासा टाकायच्या आधीच ठरलेलं होतं. साध्या फटक्याने ती फक्त बेशुद्ध झाली असती. जागीच मरायला क्रिटिकल पडायला हवा आणि चार डी८ ची बेरीज २२ किंवा जास्त व्हायला हवी, आणि हे शंभरात एकदा, फार तर थोडं जास्त होतं. डीएमने या शक्यतेचा विचारच केला नव्हता. ओगरने शेजारच्या फायटरवर गदा उगारली असती तर कुणीही हरकत घेतली नसती. कुणावर हल्ला करायचा हे ठरवणं पूर्णपणे डीएमच्या हातात आहे.

तिसरी कडी फासा पडल्यानंतरची, आणि तिथेही वाट होती. याच नियमांत जवळून केलेल्या हल्ल्याने कुणी शून्यावर आलं तर मारणारा त्याला ठार न करता बेशुद्ध करू शकतो, आणि हा निर्णय नुकसान होतं त्या क्षणी घेता येतो. डीएम पडदा बाजूला करून म्हणू शकला असता: "वीस. तीस नुकसान. ओगरला ती जिवंत हवी आहे. तो तिला खांद्यावर टाकून बोगद्याकडे निघाला." क्रिटिकल खरा राहिला असता, पात्र वाचलं असतं, आणि उरलेल्या तिघांना सोडवायला जाण्याचं एक जिवंत कारण मिळालं असतं. भीतीपोटी घेतलेल्या अर्ध्या सेकंदाच्या निर्णयात हे सुचत नाही. ज्याने आधी कधी त्यावर विचार केलेला असतो, त्यालाच ते सुचतं.

अधिकाराचा प्रश्न

डीएमचं म्हणणं सुरुवातीला असं होतं की हा त्याचा अधिकारच आहे. त्यात तथ्य आहे. २०१४ ची डीएमसाठीची मार्गदर्शिका पडद्यामागे फासे टाकण्याचा हा फायदा उघडपणे सांगते, आणि लागोपाठच्या दोन क्रिटिकलमधला दुसरा बदलण्याचं उदाहरणही देते. पण त्याच ठिकाणी तीच मार्गदर्शिका बजावते की हे वारंवार करू नये आणि खेळाडूंना कळू देऊ नये. नाहीतर त्यांना वाटेल की खरा धोकाच नाही, किंवा डीएम कुणाची तरी बाजू घेतो आहे. मामेबहिणीच्या पात्राबाबत नेमकं तेच झालं.

आमचं मत असं. फासा टाकेपर्यंत डीएमचा अधिकार जवळजवळ अमर्याद आहे. कोण हल्ला करणार, किती शत्रू येणार, ते पळणार की शरण येणार, फासा टाकायचा की नाही, हे सगळं त्याचं. फासा टाकला याचा अर्थ त्याने स्वतःहून तो निर्णय फाशाकडे सोपवला. नंतर तो गुपचूप परत घेणं म्हणजे खेळाडूंनी चुकीच्या माहितीवर जीव पणाला लावणं. विझार्डने शेवटचा मंत्र खर्च केला तो 'ओगर चुकला' या माहितीवर.

तोललेले पर्याय

पुढच्या शनिवारी फासे न काढता फक्त बोलायचं ठरलं. पन्नास मिनिटं चाललं. आधी डीएमने वहीतून आठवून किती वेळा आकडा फिरवला याचा हिशेब मांडला. एकूण चार वेळा. दुसऱ्या सेशनला रेंजरला लागलेला बाण चुकला म्हणून सांगितला. आठव्याला रोगवरचं अकराचं नुकसान सहा सांगितलं. अकराव्याला विझार्ड. आणि चौथ्या सेशनला, फायटरच्या क्रिटिकलने गॉब्लिनांचा म्होरक्या पहिल्याच फेरीत मरत होता, म्हणून त्याचे २१ हिट पॉइंट ३५ केले.

हिशेब कागदावर आला तेव्हा एक गोष्ट उघडी पडली जी डीएमच्याही ध्यानात नव्हती. बहिणीला झुकतं माप दिलं असं म्हणता येत नव्हतं, कारण तिघांना एकेकदा वाचवलं होतं. पण फायटरच्या वाट्याला आलेला एकमेव फिरवलेला आकडा त्याच्या विरुद्ध होता. त्याची तक्रार त्याला वाटत होती त्याहून खरी निघाली. लढाई 'रंगावी' म्हणून शत्रूचं आयुष्य वाढवणं अनेक डीएमना निरुपद्रवी वाटतं. ते निरुपद्रवी नाही. ज्याने चांगला डाव टाकला त्याच्याकडून तो डाव काढून घेतला जातो, आणि त्याला ते कळतही नाही.

मग पर्याय. जुनं उलटवायचं, म्हणजे फायटरला जिवंत करायचं किंवा विझार्डला मारायचं, हे सर्वांनी पाच मिनिटांत सोडून दिलं. विझार्ड स्वतः तयार होती. फायटरच नको म्हणाला.

सगळे फासे उघड्यावर, कोणतीही सवलत नाही, हा रोगचा आग्रह. स्वच्छ पर्याय आहे, पण तिसऱ्या लेव्हलची पात्रं तकलादू असतात आणि गटाला वर्षभराची मोहीम हवी होती.

डीएमने फासेच टाकायचे नाहीत अशा खेळाकडे वळायचं, हेही निघालं. २०१० च्या अपॉकॅलिप्स वर्ल्डमध्ये आणि त्या घराण्यातल्या खेळांत फासे खेळाडूच टाकतात. गेम मास्टर अपयशाचे परिणाम ठरवतो. तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. पण अर्ध्यावर आलेली मोहीम मोडायला कुणी तयार नव्हतं.

रेंजर वेगळं बोलली, आणि तिचं म्हणणं इतरांनी घाईने बाजूला सारलं असं आम्हाला वाटतं. ती म्हणाली, "मला गोष्ट हवी आहे. दादा आकडा फिरवत असेल तर फिरवू दे, मला सांगू नका." सगळ्या टेबलाने आधीच अशी संमती दिली असेल तर तो पूर्णपणे प्रामाणिक खेळ आहे. अडचण एवढीच की अशी संमती पाचही जणांची लागते, आणि इथे दोघांची ठाम ना होती.

केलेली कृती

शेवटी ठरलं ते उघडे फासे आणि खेळाडूंच्या हातात मर्यादित अभय. तपशील असे.

लढाईतला प्रत्येक फासा टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या पितळी परातीत पडेल. परातीचा खणखणाट खाली झोपलेल्या आजींपर्यंत जायचा, म्हणून तिच्यात जुन्या शालीचा तुकडा बसवला. परातीबाहेर गेलेला किंवा काठाला तिरका टेकलेला फासा पुन्हा टाकायचा. सपाट पडला तो पडला. हा नियम आधी ठरवणं गरजेचं असतं, नाहीतर प्रत्येक तिरक्या फाशावर नवा वाद.

प्रत्येक खेळाडूला दर सेशनला कवड्या. एक कवडी दिली की क्रिटिकलचा साधा फटका होतो, किंवा डीएमचा एक फासा पुन्हा टाकला जातो. कवडी नुकसानीचे फासे पडायच्या आधी द्यायची, आणि तिची किंमत मोजायची: ढाल फुटते, मशाल विझते, हात जायबंदी होतो. काय जाईल हे डीएम सांगतो. सुरुवातीला प्रत्येकी तीन कवड्या दिल्या, आणि ती चूक ठरली. पाच जणांच्या पंधरा कवड्यांपुढे कुठलाही ओगर मऊ पडतो. तिसऱ्या सेशनपासून प्रत्येकी एक केली, आणि उरलेली पुढच्या आठवड्यात नेता येत नाही.

ज्या लढाईत पात्र मरू शकतं, तिच्या आधी डीएम नकाशावर ल्यूडोची लाल सोंगटी ठेवतो. ती दिसल्यावर लढायचं, टाळायचं की बोलणी करायची हे खेळाडू ठरवतात.

लपवणं गरजेचंच आहे असे फासे थोडे असतात, पण असतात. सापळा शोधला आणि फासा तीन पडलेला खेळाडूला दिसला, तर 'काही सापडलं नाही' यावर तो विश्वास ठेवत नाही. अशा ठिकाणी शक्य तितका फासाच टाळला. पाचव्या आवृत्तीत त्यासाठी निष्क्रिय गुण आहे, १० अधिक पात्राचा बोनस. डीएमने पाचही पात्रांचे हे आकडे एका कार्डावर लिहून घेतले.

आणि सर्वांत साधी गोष्ट: डीएमची खुर्ची कपाटासमोरून हलवली. रोगने त्यावर नापसंती दाखवली, पण पडद्याआड आता नकाशे आणि टिपणंच असतात, आणि तीही दिसायला नकोतच.

पुढची आठ सेशन

फायटर खेळणारा दोन शनिवार आला नाही. तिसऱ्याला नवं पात्र घेऊन आला. अजूनही तो डीएमच्या प्रत्येक फाशाला बोनस मोठ्याने मिळवून पाहतो. डीएमने ते मनाला लावून घेतलेलं नाही, आणि ते योग्यच आहे.

उघड्या फाशांमुळे शत्रूचे बोनस दोन फेऱ्यांत कळतात. रोगला ते आवडतं, रेंजरला नाही. तिच्यासाठी लढाई आकडेमोडीसारखी झाली आणि तिने ते स्पष्ट सांगितलं. डीएम आता फाशाच्या आधी वर्णन करतो आणि आकडा नंतर मोजतो. तिचं समाधान अर्धंच झालं आहे.

एकोणिसाव्या सेशनला नकाशावर लाल सोंगटी होती. रोगने त्याच रात्री आपली कवडी भाड्याच्या खेचराला वाचवायला खर्च केली होती. परातीत वीस पडला, मग नुकसान, मग त्याच्या हातचे तीन फसलेले फासे. त्याने डी२० उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि परत शालीवर ठेवला. त्या मृत्यूवर नंतर एक शब्दही वाद झाला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या सेशनच्या आधी अर्धा तास बसून तीन प्रश्न विचारायला हवे होते: पात्रं मरू शकतात का, डीएमचे फासे दिसतील का, आणि कुणी गैरहजर असेल तर काय. अकरा सेशन झाल्यावर विचारलेला तोच प्रश्न आरोपासारखा ऐकू येतो.

रोगने एक आठवडा गप्प बसायला नको होतं. अकराव्या सेशननंतर जिन्यात दादाला बाजूला घेऊन सांगितलं असतं, तर फायटरच्या मृत्यूला ती धार आली नसती. पण वयाने मोठ्या माणसाला, त्याच्याच घरात, 'तुम्ही खोटं सांगितलंत' म्हणणं वीस वर्षांच्या मुलाला सोपं नसतं. म्हणून ते विचारण्याची सोय डीएमनेच करून द्यायला हवी. हा गट आता दर चौथ्या शनिवारी शेवटची दहा मिनिटं फक्त त्यासाठी ठेवतो.

शत्रूच्या हिट पॉइंटचा प्रश्न उघड्या फाशांनी सुटत नव्हता, कारण ते डीएमच्या वहीतच राहतात. ओगरचे हिट पॉइंट ७ डी१० अधिक २१, सरासरी ५९, म्हणजे २८ ते ९१ मधला कुठलाही आकडा नियमाला धरूनच आहे. लढाईच्या आधी त्यातला कोणताही निवडावा, नंतर बदलू नये. म्हणून विसाव्या सेशनपासून डीएम आकडा चिठ्ठीवर लिहून परातीखाली ठेवतो आणि लढाई संपली की ती उघडली जाते. एकविसाव्याला चिठ्ठीत ५९ निघाले आणि टेबलावरच्या नुकसानीची बेरीज ६८ भरली. डीएम रेंजरचा नऊचा एक बाण वजा करायला विसरला होता. ओगर एक फेरी जास्त जगला होता, आणि त्या फेरीत त्याने फायटरला बाराचा फटका मारला होता. डीएमने वही सगळ्यांकडे फिरवून चूक दाखवली. फायटरने खोडरबर मागून घेतलं आणि आपल्या कागदावर बारा परत मिळवले.